वर्ल्डकपचा ‘अधिकृत’ चेंडू आणि ‘अधिकृत’ गाणं: ग्वाल्हेरच्या स्पर्धेसाठी यातलं काय घ्यावं?

मुरारकर

नमस्कार मंडळी. जानेवारीत ग्वाल्हेरच्या लष्कर भागात सात-सात जणांच्या संघांची फुटबॉल स्पर्धा ठरली आहे. बारा वर्षांखालचा एक गट आणि एक खुला. मुलांचा आग्रह आहे की वर्ल्डकपला असतो तसा सगळ्या सामन्यांना एकच ठरलेला चेंडू हवा आणि संघ मैदानात उतरताना आपलं स्वतःचं गाणं वाजायला हवं. मागणी रास्त आहे. पण पैसे एकदाच खर्च होणार, म्हणून आधी नीट समजून घ्यायचं आहे.

२०२६ च्या वर्ल्डकपचा चेंडू ट्रायोंडा. त्याच नक्षीचे चेंडू बाजारात फार वेगवेगळ्या किमतींना मिळतात. दिसायला एकसारखे, मग फरक कुठे पडतो? सकाळी आठच्या सामन्याला आपल्याकडची थंडी बघता हवा किती भरायची? आणि गाण्याचं विचारायचं तर ‘ऑफिशियल साँग’ आणि ‘ऑफिशियल अँथम’ हे एकच की वेगळं? वर्ल्डकपचं गाणं आपण भोंग्यावर लावलं तर चालतं का?

टाका_आणि_वादी

चेंडूपासून सुरुवात करतो.

‘अधिकृत’ या शब्दात दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत. एक, स्पर्धेचा त्या कंपनीशी करार आहे. दुसरी, चेंडू ठरलेल्या मोजमापात बसतो. तुमच्या कामाची दुसरी. पहिलीचे पैसे नक्षीत जातात.

एकच ठरलेला चेंडू का लागतो, त्याचं उत्तर पहिल्याच वर्ल्डकपात आहे. १९३० च्या अंतिम सामन्यात चेंडू कोणाचा यावरून अर्जेंटिना आणि उरुग्वे यांचं जमेना. शेवटी पूर्वार्ध अर्जेंटिनाच्या चेंडूनं आणि उत्तरार्ध उरुग्वेच्या चेंडूनं खेळवला. मध्यंतराला अर्जेंटिना २-१ नं पुढे होता, सामना उरुग्वेनं ४-२ असा जिंकला. तेव्हाचे चेंडू चामड्याचे, आणि तोंड चामड्याच्या वादीनं बांधलेलं. पाणी पिऊन ते जड व्हायचे.

१९७० पासून वर्ल्डकपचे चेंडू आदिदासचे. त्या वर्षीचा टेलस्टार म्हणजे आपण चित्रात काढतो तोच: ३२ तुकडे, त्यात १२ काळे पंचकोन आणि २० पांढरे षटकोन. काळा-पांढरा यासाठी, की कृष्णधवल टीव्हीवर तो उठून दिसावा. १९८६ चा अझ्टेका पूर्ण कृत्रिम चामड्याचा पहिला. पुढे २००६ मध्ये टीमगाइस्ट आला आणि शिवण गेली. १४ तुकडे, उष्णतेनं एकमेकांना चिकटवलेले. २०१० च्या जाबुलानीत ८ तुकडे, २०१४ च्या ब्राझुकात ६, २०१८ मध्येही ६, २०२२ च्या अल रिहलात २० आणि आता ट्रायोंडात फक्त ४.

तुकडे कमी म्हणजे चेंडू चांगला, असं पुष्कळ जण धरून चालतात. जाबुलानीनं ते खोटं ठरवलं. चेंडू हवेतून जातो तेव्हा हवेचा पातळ थर त्याच्या अंगाला चिकटून वाहतो. शिवणीच्या खाचा त्या थरात खळबळ करतात. खळबळ झालेला थर चेंडूला मागपर्यंत धरून राहतो, त्यामुळे चेंडूला मागे खेचणारी ओढ कमी होते. पृष्ठभाग फार गुळगुळीत असेल तर हीच क्रिया व्हायला जास्त वेग लागतो. त्या वेगाच्या आसपास, चेंडूला फिरकी जवळजवळ नसेल तर हवा एका बाजूनं आधी सुटते, लगेच दुसऱ्या बाजूनं, आणि चेंडू डोलतो. अमेरिकेच्या नासा या अंतराळ संस्थेच्या एम्स संशोधन केंद्रात तपासणी झाली तेव्हा जाबुलानीच्या बाबतीत हा वेग ताशी ८० ते ९० किलोमीटरच्या आसपास निघाला. फ्री किक साधारण याच वेगानं जाते. गोलरक्षकांनी तक्रारी केल्या त्या म्हणूनच. ब्राझुकाचे तुकडे आणखी कमी, पण त्यांचा आकार वळणावळणाचा. त्यामुळे शिवणीची एकूण लांबी जाबुलानीच्या सुमारे २०३ सेंटिमीटरवरून ३२७ सेंटिमीटरवर गेली आणि डोलण्याचा वेग ताशी ५० किलोमीटरच्या घरात उतरला. तेवढ्या हळू कोणी गोलावर मारत नाही. ट्रायोंडात चारच तुकडे असून खाचा मुद्दाम खोल ठेवल्या आहेत, त्या याच कारणानं.

तेव्हा दुकानात तुकडे मोजत बसू नका. खाचेवरून नख फिरवा. खाच सगळीकडे सारख्या खोलीची लागली पाहिजे. एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला सपाट असेल तर तो चेंडू लहान मुलांच्या किकलाही वाकडा जाईल.

आता किंमत. एका नक्षीचे तीन-चार दर्जे निघतात. सगळ्यात वरचा सामन्याचा, तुकडे उष्णतेनं जोडलेले, वर ‘फिफा क्वालिटी प्रो’ छापलेलं. मधल्या दर्जावर ‘फिफा क्वालिटी’ असतं. अगदी खालचा मशिननं शिवलेला सरावाचा, त्यावर कुठलंच चाचणीचं चिन्ह नसतं. नक्षी तिन्हींवर तीच. पण खालच्या दर्जात नक्षीची रेघ एकीकडे जाते आणि खरी शिवण दुसरीकडे. हाताशी धरून बघितलं की लगेच कळतं.

दौलतगंज

टाका साहेबांच्या लिहिण्यात एक भर. बारा वर्षांखालच्या गटाला पाच नंबरचा चेंडू देऊ नका. आठ ते बारा वयाला चार नंबर: परीघ ६३.५ ते ६६ सेंटिमीटर, वजन ३५० ते ३९० ग्रॅम. खुल्या गटाला पाच नंबर: परीघ ६८ ते ७०, वजन ४१० ते ४५०. म्हणजे दोन्ही गटांना ‘एकच चेंडू’ होणार नाही. एका मेकचे दोन आकार घ्या, मुलांचं समाधान होईल.

आणि फुटसालचा (बंदिस्त जागेतल्या पाच-पाच जणांच्या फुटबॉलचा) चेंडू कोणी गळ्यात मारला तर घेऊ नका. तोही चार नंबरचाच दिसतो, पण वजन ४०० ते ४४० ग्रॅम आणि मुद्दाम कमी उसळणारा: दोन मीटरवरून सोडला तर पहिला टप्पा ५० ते ६५ सेंटिमीटर. मातीच्या मैदानावर तो जमिनीलाच चिकटून राहतो.

मुरारकर

धन्यवाद. दुकानात किंवा घरी आणून चेंडू तपासायचा तर कसा? आणि चिन्ह खोटं छापलेलं असेल तर?

टाका_आणि_वादी

घरच्या सामानात पाच चाचण्या होतात. सगळ्या चेंडूत ०.८ बार हवा भरून करा, म्हणजे पंपाच्या काट्यावर सुमारे ११.६ पीएसआय.

परीघ: शिंप्याची टेप घ्या. एकदा वॉल्ववरून, एकदा त्याला आडवी, एकदा तिरकी. क्वालिटी प्रोसाठी माप ६८.५ ते ६९.५ सेंटिमीटर. तीन मापांत पाऊण सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर चेंडू अंडाकृती आहे, परत करा.

वजन: स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो. खाली वाटी उपडी ठेवून तिचं वजन शून्य करा, मग चेंडू. प्रोसाठी ४२० ते ४४५ ग्रॅम.

उसळी: भिंतीला टेप चिकटवा, दोन मीटरवरून चेंडूचा तळ सोडा आणि मोबाइलवर चित्रीकरण करून पहिल्या उसळीतला तळ बघा. नियमाची चाचणी पोलादी पाटावर आणि २० अंशांत होते, तिथे १३५ ते १५५ सेंटिमीटर लागतात. आपल्याकडच्या दगडी फरशीवर आकडा किंचित इकडेतिकडे होईल, पण सगळे चेंडू एकाच फरशीवर टाका. दोन चेंडूंत १० सेंटिमीटरचा फरक चालत नाही.

हवा टिकणं: तीन दिवस म्हणजे ७२ तास ठेवा. प्रो चेंडूची २० टक्क्यांहून जास्त हवा जाता कामा नये, खालच्या दर्जाची २५.

तोल: चेंडू पाण्याच्या मोठ्या टबात सोडा आणि फिरवा. दरवेळी तोच भाग खाली येऊन थांबत असेल तर त्या बाजूला वजन जास्त आहे, बहुतेक वेळा वॉल्वची बाजू. किंचित झुकणं चालतं. झटकन वळून थांबत असेल तर तो चेंडू सरळ जाणार नाही.

खोटं चिन्ह छापता येतं, ही मापं छापता येत नाहीत.

आणि एक माझं स्पष्ट मत. तुमचं मैदान मुरमाड असेल तर वरच्या दर्जाचा उष्णतेनं जोडलेला चेंडू घेऊ नका. त्याचा वरचा थर हिरवळीसाठी असतो, खडीवर तो दोन-चार सामन्यांत सोलवटतो आणि जोड एकदा उकलला की दुरुस्ती नाही. हातानं शिवलेला ३२ तुकड्यांचा पीयूचा (कृत्रिम चामड्याचा) चेंडू घ्या. जालंधर आणि मेरठचा हा जुना धंदा आहे. जालंधरचे कारागीर फाळणीनंतर सियालकोटहून आलेले, आणि २०१४ चा ब्राझुका बनवणाऱ्यांत सियालकोट होतंच.

हाताची शिवण कशी होते हे कळलं की निवडणं सोपं जातं. षटकोनामागे कापडाचे तीन-चार थर चिकटवलेले असतात. तुकडे उलट्या बाजूनं, मेण लावलेल्या दोऱ्यानं आणि दोन सुयांनी शिवतात, प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. बत्तीस तुकड्यांच्या एकूण ९० कडा. बहुतेक शिवून झालं की चेंडू सुलटा करतात, आत ब्लॅडर (हवा धरणारी रबरी पिशवी) बसवतात आणि उरलेली शेवटची फट बाहेरून बंद करतात. या शेवटच्या शिवणीची गाठ आत ओढून लपवावी लागते, कारागिराचा हात कळतो तो इथे. चेंडू दोन्ही अंगठ्यांनी दाबून शिवण उघडायचा प्रयत्न करा. दोरा दिसला तर ताण कमी पडला आहे. दोरा दिसतो तिथून पाणी शिरतं, मग वजन वाढतं, मग आकार जातो.

अशा चेंडूची उसवलेली कड मेणाच्या दोऱ्यानं चांगला मोची तासाभरात घालून देतो. चिकटवलेल्या चेंडूचं तसं नाही.

कोपऱ्याचा_झेंडा

चेंडूतल्या चिपबद्दल कोणी लिहिलं नाही. ‘अधिकृत’ चेंडू आता खरा वेगळा झाला आहे तो तिच्यामुळे.

२०२२ च्या अल रिहलात हालचाल मोजणारा सेन्सर चेंडूच्या मध्यभागी ताणलेल्या दोऱ्यांवर टांगलेला होता. सामन्याआधी हे चेंडू मोबाइलसारखे चार्जिंगला लावत. ट्रायोंडात सेन्सर मध्यातून काढून एका तुकड्याच्या आतल्या थरात बसवला आहे आणि तोल राखायला बाकीच्या तीन तुकड्यांत तेवढीच वजनं आहेत. वर टबातल्या चाचणीत सांगितलेली अडचण त्यांनी अशी सोडवली.

सेन्सर सेकंदाला ५०० नोंदी देतो, म्हणजे दर दोन मिलिसेकंदाला एक. हे लागतं ऑफसाइडसाठी. ऑफसाइड ठरतो पास देणाऱ्याचा पाय चेंडूला लागतो त्या क्षणी. टीव्हीचं चित्र सेकंदाला ५० असेल तर दोन चित्रांत २० मिलिसेकंद जातात. सेकंदाला ८ मीटर धावणारा आघाडीवीर तेवढ्यात १६ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. पाचशे नोंदींमध्ये हीच चूक १.६ सेंटिमीटरवर येते. खेळाडू कुठे आहेत ते २०२२ मध्ये छताखालचे १२ कॅमेरे सांगत होते, प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे २९ बिंदू, सेकंदाला ५० वेळा. चेंडूला पाय कधी लागला ते चेंडू स्वतः सांगतो.

२०२२ मध्ये पोर्तुगाल-उरुग्वे सामन्यात रोनाल्डोचं डोकं चेंडूला लागलं का, हा प्रश्न याच नोंदींनी सुटला: स्पर्श नाही, गोल ब्रुनो फर्नांडिसचा. युरो २०२४ ला जर्मनी-डेन्मार्क सामन्यात हाताला लागलेला चेंडू पडद्यावर ईसीजीच्या रेघेसारखा दाखवला. क्रिकेटचं स्निको बघणाऱ्याला ते लगेच समजलं असेल.

तुमच्या स्पर्धेत चिप नसणार, पण रेषेवरच्या माणसाला एक आकडा पाठ करून द्या. चेंडूचा व्यास २२ सेंटिमीटर. चेंडू पूर्ण रेषेपलीकडे गेल्याशिवाय बाहेर नाही आणि गोलही नाही. म्हणजे चेंडू जमिनीला टेकलेली जागा रेषेच्या बाहेरच्या कडेपासून १० सेंटिमीटर पलीकडे असली तरी वरून बघता चेंडू अजून रेषेवर आहे. २०२२ ला जपाननं स्पेनला केलेल्या दुसऱ्या गोलाआधी हेच झालं. बाजूच्या कॅमेऱ्यातून चेंडू बाहेर दिसत होता, वरच्या चित्रात त्याची कड रेषेवर होती. तुमच्या रेषेवरच्या पंचानं रेषेच्या सरळ वाटेतच उभं राहावं. दोन पावलं बाजूला सरकला की त्याचा निर्णय चुकणारच. चुन्याची रेषा रुंदीला १२ सेंटिमीटरपेक्षा जास्त ओढू नका आणि गोलरेषा खांबाच्या जाडीइतकीच ठेवा.

मुरारकर

रेषेचं हे लक्षात ठेवतो. हवेचं राहिलं.

टाका_आणि_वादी

नियमात ०.६ ते १.१ वातावरण दाब म्हणजे ८.५ ते १५.६ पीएसआय असं मोठं अंतर आहे. खुल्या गटाला ०.८ बार आणि मुलांच्या चार नंबरला ०.६ ते ०.७ ठेवा. मुलांना डोक्यानं चेंडू मारायला देणार असाल तर ०.६ च.

ग्वाल्हेरात तापमानाचा हिशेब धरावाच लागतो. खोलीत २० अंशांना ०.८ बार भरलेला चेंडू पहाटेच्या ५ अंशांत ०.७१ वर येतो. गळती काहीच नसते, आतली हवा आकसते. तोच चेंडू मेच्या दुपारी ४५ अंशांत ०.९५ दाखवेल, आणि उन्हात टाकून ठेवलात तर त्याच्याही वर. म्हणून हवा आदल्या रात्री घरात भरू नका. चेंडू सामन्याआधी तासभर मैदानावर सावलीत ठेवा, मग काट्यावर बघून भरा. ऊन चढल्यावर, अकराच्या सामन्याला, पुन्हा मोजा आणि जास्तीची काढा.

उंचीची इथे चिंता नाही. ती मेक्सिको सिटीत आहे, जिथे २०२६ चा सलामीचा सामना ठेवला आहे. २,२४० मीटर उंचीवर बाहेरचा दाब कमी, त्यामुळे समुद्रसपाटीला भरून नेलेला चेंडू तिथे काट्यावर सुमारे पाव बार जास्त दाखवतो. हवाही विरळ, म्हणून किक लांब जाते आणि कमी वळते.

भरताना काय चुकतं ते लिहितो, कारण निम्मे चेंडू खेळून नाही, भरताना मरतात. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं कधीही भरू नका. त्याला दोन-तीन सेकंद पुरतात, आणि दाब वर गेला की शिवणीची भोकं कायमची मोठी होतात. हातपंप आणि छोटा काटा घ्या. पंपाची सुई कोरडी घालू नका. वॉल्वमध्ये ग्लिसरीनचे दोन थेंब टाका, सुई सरळ, हलकी फिरवत आत घाला. व्हॅसलिन किंवा यंत्राचं तेल नको, त्यानं ब्लॅडरचं रबर फुगून मऊ पडतं. पंप मारताना चेंडू दोन पायांत घट्ट धरा आणि सुई हलू देऊ नका, ती वाकली की वॉल्वचा ओठ फाटतो.

ब्लॅडर कुठलं ते दुकानदाराला विचारा. ब्युटाइल असेल तर आठवडाभर हवा राहते. लॅटेक्स असेल तर पायाला मऊ लागतं, उसळी छान असते, पण रोज हवा भरावी लागते. चार दिवसांच्या स्पर्धेत ब्युटाइलच बरं.

मंद्र_पंचम

आता गाण्याकडे येते.

मुरारकर, होय, साँग आणि अँथम या वेगळ्या गोष्टी आहेत, किमान काही वर्ल्डकपांत तरी तसं स्पष्ट ठरलेलं होतं. १९९८ मध्ये रिकी मार्टिनचं गाणं ‘साँग’ होतं आणि युसू एनडूर व अ‍ॅक्सेल रेड यांचं ‘अँथम’. २००२ मध्ये अनास्तासियाचं गाणं आणि व्हँजेलिसची वाद्यरचना अँथम म्हणून. २०१० मध्ये शकिराचं ‘वाका वाका’ हे साँग. त्याचा घोषासारखा भाग कॅमेरूनच्या गोल्डन साउंड्सच्या १९८६ च्या गाण्यातून आला आहे. ‘वेविंग फ्लॅग’ हे अधिकृत गाणं होतं असं खूप जण सांगतात. ते कोका-कोलाच्या प्रचाराचं गाणं होतं. २०२२ ला एक गाणं न ठेवता अनेक गाण्यांचा संच काढला. आपल्याकडे २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला प्रीतम यांचं गाणं होतं आणि चेंडू क्रासावा.

या सगळ्यांहून निराळी ती फिफाची धून: संघ बोगद्यातून बाहेर येताना वाजते ती, शब्दांविना. फ्रान्झ लँबर्ट या जर्मन ऑर्गनवादकाची, १९९४ पासून. तुम्हाला खरं तर याच्या जोडीचं काही हवं आहे. उतरण्याची धून वेगळी आणि प्रेक्षकांनी म्हणायचं गाणं वेगळं, हे आधी ठरवा. एकाच रचनेत दोन्ही बसवायला गेलं की चालही धड राहत नाही आणि गाणंही.

मोठ्या मैदानावरची धून संथ का असते? आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. शंभर मीटर पलीकडच्या माणसाला तीन दशांश सेकंद उशिरा ऐकू येतं. मिनिटाला १०० मात्रांच्या लयीत एक मात्रा ०.६ सेकंदाची, म्हणजे तो अर्धी मात्रा मागे. जलद, तुटक शब्दांची चाल तिथे कालवून जाते. लांब स्वर टिकतात. चॅम्पियन्स लीगची १९९२ ची धून टोनी ब्रिटन यांनी हँडेलच्या राज्याभिषेकाच्या संगीतावरून बांधली. आधी तंतुवाद्यांची चढण आणि मग एकदम समूहाचा लांब सूर. ती कुठल्याही स्टेडियममध्ये पोचते ती या बांधणीमुळे.

तुमच्यासाठी हिशेब असा. कडेपासून मध्यरेषेपर्यंत २५ मीटर धरा. मुलांचं पाऊल अर्ध्या मीटरचं, मिनिटाला १०० पावलं, तर अर्ध्या मिनिटात पोचतील. केरवा म्हणजे आठ मात्रांचा ताल, त्याचं एक आवर्तन ४.८ सेकंदांचं. आठ आवर्तनं म्हणजे ३८ सेकंद: संघ चालत असताना पहिली दोन फक्त वाद्यांची आणि पुढची चार मुख्य चालीची, शेवटची दोन उभं राहून. आणि एक तिहाई (तीनदा वाजवून संपवायचा तुकडा) तयार ठेवा, आठ मात्रांची, कुठल्याही समेवरून म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवरून उचलता येईल अशी. संघ लवकर पोचला तर धून मध्येच कापावी लागत नाही.

पट्टीत सगळ्यात जास्त चुका होतात. गायक आपल्या सोयीची पट्टी घेतो आणि मुलं वर ओढली जातात. पेटीवर सा पांढरी दोनचा धरा. चाल मंद्र (खालच्या सप्तकातल्या) धैवतापासून मध्य धैवतापर्यंत ठेवा. तार षड्ज (वरचा सा) एकदाच, शेवटच्या ओळीत, तोही थांबायचा. या टप्प्यात दहा वर्षांची मुलं आणि बायका एका सप्तकात गातात आणि पुरुष खालच्या सप्तकात, कोणालाच ताण येत नाही. स्वर भूप रागाचे घ्या. पाचच स्वर, अर्ध्या अंतराची जागा कुठे नाही, त्यामुळे न शिकलेल्या शंभर जणांचा समूहसुद्धा बेसूर होत नाही. ग्वाल्हेरच्या मुलांना भूप शिकवायला कोणी ना कोणी गल्लीत असतंच. माधव संगीत महाविद्यालय १९१८ पासून इथे आहे. पेटीवर बसवून देणारा माणूस बाहेरून आणायची गरज नाही.

शब्दांत प्रत्येक ओळीचा शेवट आकारान्त किंवा ओकारान्त करा. ‘ई’ वर लांब सूर धरला की मुलांचा गळा आवळतो. जोडाक्षर समेवर नको. आणि गावाचं नाव ध्रुवपदात घालणार असाल तर ‘ग्वाल्हेर’ हा शब्द समेवर पडत नाही. ‘ग्वाल्’ समेच्या आधी अर्धी मात्रा उचला आणि ‘हे’ समेवर आणा, मग बसतो. गाऊन बघा, लगेच पटेल.

दौलतगंज

ताई, भोंग्यांवर हे कसं ऐकू येईल? बॉक्स भाड्यानं घ्यायचं बजेट बहुधा नसणार.

मंद्र_पंचम

भोंगा साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ गाळून टाकतो. डग्गा, ढोलाचा घुमारा, पुरुषांचा खर्ज, हे सगळं त्यातून जातं. म्हणून ध्वनिमुद्रणात ताल डग्ग्यावर ठेवू नका. ताशा, झांज, टाळ्या आणि तबल्याची चाट ठेवा. मुख्य चाल बासरी, पेटी किंवा मुलांच्या आवाजात. ढोल हवाच असेल तर तो मैदानाच्या कडेला प्रत्यक्ष वाजवा.

दोन भोंगे मैदानाच्या दोन टोकांना लावू नका. साठ मीटरवरचा दुसरा भोंगा जवळच्या माणसाला जवळपास ०.१८ सेकंद उशिरा ऐकू येतो आणि सगळं दुहेरी होतं. दोन्ही एकाच बाजूला, शेजारी शेजारी, किंचित बाहेर फाकवून. आणि धून मोबाइलवरून ब्लूटूथनं वाजवू नका. बरोबर त्याच क्षणी कोणाचा तरी फोन येतो. पेनड्राइव्ह किंवा वायर.

दक्षिण आफ्रिकेत २०१० ला व्हुवुझेलांचा सूर काळी पाचच्या आसपास, सुमारे २३३ हर्ट्झवर, सतत असायचा आणि मैदानातलं दुसरं काही ऐकू येत नसे. आपल्याकडे ते काम पिपाण्या करतात. उतरण्याच्या धुनीपुरत्या तरी त्या बंद ठेवायला सांगा.

अर्जफाटे

वर्ल्डकपचं गाणं लावायच्या प्रश्नाचं उत्तर देतो. हक्क दोन असतात. शब्द आणि चाल यांचा एक, ध्वनिमुद्रणाचा दुसरा. पहिल्याचा परवाना आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची संस्था देते. ध्वनिमुद्रणाचा बऱ्याच कंपन्यांसाठी पीपीएल ही संस्था देते, पण सगळ्या कंपन्या तिच्याकडे नाहीत, म्हणून गाण्याची कंपनी आधी बघा. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये सवलती आहेत: हौशी संस्थेनं पैसे न घेता प्रेक्षकांसमोर केलेलं सादरीकरण आणि नफ्यासाठी नसलेल्या क्लबच्या कामाचा भाग म्हणून लावलेलं ध्वनिमुद्रण. तुमच्या स्पर्धेला तिकीट नसेल तर हे तुमच्या बाजूचं आहे. प्रायोजकांचे फलक लावून पैसे घेणार असाल तर त्यावर भिस्त ठेवू नका, परवाना काढा.

ही सवलत मैदानापुरती. सामना यूट्यूबवर थेट दाखवलात आणि मागे ते गाणं वाजलं, तर यंत्रणा आपोआप ओळखते आणि आवाज बंद होतो किंवा व्हिडिओ अडतो. स्वतःच्या धुनीला ही कटकट नाही. फक्त चाल कोणी बांधली, शब्द कोणाचे आणि मंडळाला ती कायम वापरायची मुभा आहे, एवढं एका कागदावर सही करून ठेवा.

जाहिरातीत ‘फिफा’ हे नाव, करंडकाचं चित्र किंवा त्यांचं चिन्ह छापू नका, ती नोंदवलेली चिन्हं आहेत. ‘स्पर्धेचा अधिकृत चेंडू’ असं मात्र आपल्या स्पर्धेच्या नावानं बिनदिक्कत लिहा.

भोंग्याची परवानगी वेगळी काढावी लागते. रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद, हा नियम खुल्या मैदानालाही लागू आहे. उद्घाटनाला राष्ट्रगीत असेल तर ते ५२ सेकंदांचं, आणि ते धुनीत मिसळू नका. धून पूर्ण थांबू द्या, दोन-तीन सेकंद शांतता, मग राष्ट्रगीत.

मुरारकर

सगळ्यांचे मनापासून आभार. खुल्या गटासाठी हातानं शिवलेला पाच नंबर आणि मुलांसाठी त्याच मेकचा चार नंबर, असं ठरवतो आहे. प्रत्येकी किती घ्यावेत? आणि आधीच्या एका चेंडूत पंपाच्या सुईचं टोक मोडून आत राहिलं आहे, हलवलं की खुळखुळतं. तो सरावाला वापरला तर चालेल?

टाका_आणि_वादी

प्रत्येक गटाला तीन. एक खेळात, एक कडेला त्याच दाबाचा, एक राखीव. तिन्हींवर मार्करनं वॉल्वजवळ १, २, ३ घाला आणि रोज पहिल्या सामन्याला क्रम बदला, म्हणजे झीज सारखी होते. स्पर्धेआधी प्रत्येक चेंडू दोन तास खेळून घ्या. नवा दोरा ताणून बसतो आणि परीघ दोन-तीन मिलिमीटर वाढतो. हे पहिल्याच सामन्यात व्हायला नको. संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसा, धूळ शिवणीतून जुन्या दातघासणीनं काढा, थोडी हवा कमी करून सावलीत ठेवा. चेंडूवर मुलांना बसू देऊ नका, बत्तीस तुकड्यांचा चेंडू त्यानं कायमचा चपटतो.

सुईचा तो चेंडू सरावालाही देऊ नका. टोक आतून ब्लॅडर टोचतं, आणि डोक्यानं मारताना टोक शिवणीतून बाहेर आलं तर कपाळाला लागेल. वॉल्वच्या समोरच्या बाजूची एक कड उसवून, ब्लॅडर बाहेर काढून, टोक काढता येतं, पण तोवर ब्लॅडरला एखादं बारीक भोक पडलेलं असू शकतं. हवा भरून पाण्यात धरा, बुडबुडा दिसला तर नवं ब्युटाइल ब्लॅडर घाला आणि कड पुन्हा शिवून घ्या. नवं ब्लॅडर घालताना आधी थोडं फुगवून, वॉल्व भोकात बसवून, मगच शेवटची कड शिवायची. रिकाम्या ब्लॅडरवर शिवलं तर त्याची घडी शिवणीत सापडते आणि पहिल्याच पंपाला फुटतं.